पैनगंगेच्या अल्याड-पल्याड: शेजारी प्रदेशांची आर्थिक गटवारी कशी करायची

पाटणबोरीच्या पोरांना अदिलाबाद जवळ पडतं, यवतमाळ लांब. पांढरकवड्याच्या पुढे हमरस्त्याने निघालं की पैनगंगा ओलांडली आणि राज्य बदललं, तेलंगणा लागलं. बी.ए.च्या वर्गात प्रादेशिक असमतोल शिकवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, आमची पऱ्हाटी तीच, काळी जमीन तीच. नदीपल्याड माझ्या मावशीचं गाव आहे. आमचा जिल्हा तिच्या जिल्ह्यासारखा आहे की नागपूरसारखा, हे कोणी मोजलं का?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची एक पद्धत आहे. तिला क्लस्टर अ‍ॅनालिसिस म्हणतात, मराठीत गट-विश्लेषण. एम.ए.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी, तालुक्याच्या ठिकाणचे पत्रकार, ग्रामविकासाचं काम करणारे कार्यकर्ते यांना ती साध्या संगणकावर करता यावी म्हणून हे लिहितो आहे. पद्धत दोन राज्यांना लागू पडते तशीच दोन देशांनाही. देशांची तुलना करताना काही खाचखळगे वाढतात. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी प्रश्न ठरवा

विदर्भात आपल्याला असमतोल मोजायची सवय एकाच पद्धतीची आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष काढला तो राज्याच्या सरासरीशी तुलना करून. रस्ते, सिंचन, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे, तेवढा त्याचा अनुशेष. त्या अहवालाने विदर्भाच्या मागणीला आकड्यांचा आधार दिला, त्याचं मोल मोठं आहे. पण त्या मापात प्रत्येक जिल्हा फक्त सरासरीकडे बघतो. गोंदिया मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे बघत नाही, यवतमाळ अदिलाबादकडे बघत नाही. गट-विश्लेषण जिल्ह्यांचं एकमेकांपासूनचं अंतर मोजतं आणि विचारतं: कोण कोणासारखं आहे?

त्यामुळे कामाला बसण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहा. माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं वाक्य असं होतं: "विदर्भातले आणि सीमेला लागून असलेले जिल्हे एकत्र ठेवले, तर गट राज्याच्या सीमेप्रमाणे पडतात की सीमा ओलांडतात?" हे वाक्य नसेल तर पुढे कोणते आकडे घ्यायचे हेच ठरत नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न इतिहासातूनच येतो. १९५६ पर्यंत बालाघाट, छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राजुरा तेव्हा अदिलाबाद जिल्ह्यात होतं. युरोपात चेक आणि स्लोव्हाक प्रदेशांची तुलना याच कारणाने होत असते. १ जानेवारी १९९३ ला एका देशाचे दोन झाले, आणि पुढे कोणता प्रदेश कोणत्या वाटेने गेला हे बघता येतं.

कोणते प्रदेश घ्यायचे

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली गोष्ट, आकार. उत्तर प्रदेशची लोकसंख्या २०११ सालीच १९ कोटींच्या वर होती, तर संपूर्ण नेपाळची २०२१ च्या जनगणनेत ३ कोटींहून कमी. भारताची राज्यं आणि नेपाळचे ७ प्रांत एका तक्त्यात मांडले तर तुलना उभी राहत नाही. त्यापेक्षा बिहारचे ३८ जिल्हे आणि नेपाळच्या मधेश प्रांताचे ८ जिल्हे घ्या. युरोपीय संघाने यासाठी नियमच केला आहे. त्यांच्या प्रादेशिक वर्गीकरणात दुसऱ्या स्तराचा प्रदेश साधारण ८ ते ३० लाख लोकसंख्येचा आणि तिसऱ्या स्तराचा दीड ते ८ लाखांचा असावा लागतो. त्या मापाने विदर्भातला लोकसंख्येने सगळ्यात लहान जिल्हा गडचिरोलीसुद्धा (२०११ मध्ये सुमारे १०.७ लाख) दुसऱ्या स्तरात बसतो. म्हणजे जिल्हा हे एकक आपल्याकडे मोठंच आहे. जमलं तर तालुका घ्या.

दुसरी गोष्ट, सीमा बदलतात. जुना अदिलाबाद जिल्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये फुटून चार जिल्हे झाले: अदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमरम भीम आसिफाबाद. २०११ च्या जनगणनेतला 'अदिलाबाद' आणि आजच्या उत्पन्नाच्या तक्त्यातला 'अदिलाबाद' यांचं फक्त नाव एक आहे. आपल्याकडेही गडचिरोली १९८२ मध्ये, वाशीम १९९८ मध्ये आणि गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. जुन्या-नव्या आकड्यांची सांगड घालायची असेल तर नवे जिल्हे पुन्हा जोडून जुन्या आकाराचे करा. उलट, जुना आकडा अंदाजाने चार ठिकाणी वाटू नका.

तिसरी गोष्ट आपल्या भागातच दिसते. जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, आणि तिथे एकच घर दोन्हीकडच्या योजनांच्या याद्यांमध्ये असतं. तालुक्याच्या पातळीवर काम करणार असाल तर अशा गावांबद्दल आधी निर्णय घ्या आणि तो लिहून ठेवा.

निर्देशक निवडताना

आकडे कुठून मिळतात ते थोडक्यात. दरडोई जिल्हा उत्पन्न महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत असतं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, त्यात पिकं, ओलीत, बँका, वीज हे सगळं मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हापत्रक (पाचवी फेरी, २०१९-२१) सगळ्या राज्यांसाठी एकाच प्रश्नावलीवरून केलेले असतात, म्हणून सीमेपलीकडच्या तुलनेसाठी मी त्यांच्यावर जास्त भिस्त ठेवतो. नेपाळ आणि बांगलादेशातही याच जातकुळीची सर्वेक्षणं होतात.

एकूण आकडे कधीही जसेच्या तसे घेऊ नका. यवतमाळचं कापसाचं उत्पादन भंडाऱ्यापेक्षा जास्त आहे यात यवतमाळ मोठा जिल्हा आहे, हेही आलंच. दरडोई, दर हेक्टरी किंवा टक्केवारीतच मांडा.

दरडोई उत्पन्नाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्या सगळ्याचं उत्पादन जिल्ह्याच्या खात्यात जमा होतं आणि सरासरी वर जाते. जिवती किंवा सिंदेवाहीच्या घरात तो पैसा पोचतो का, हे तो आकडा सांगत नाही. सुरजागडच्या लोहखनिजामुळे गडचिरोलीच्या आकड्याचंही हेच होणार. प्राग किंवा ब्रातिस्लावाचा आकडा फुगतो तो आजूबाजूच्या प्रदेशांतून रोज कामाला येणाऱ्यांमुळे. त्यांनी केलेलं उत्पादन शहरात मोजलं जातं आणि माणसं मोजली जातात त्यांच्या गावात. म्हणून उत्पन्नासोबत घराच्या पातळीवरचा एक तरी निर्देशक ठेवा: पक्कं घर, स्वयंपाकाचा गॅस, पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन, शेतमजुरीचा दर.

निर्देशक किती? वीस जिल्हे असतील तर चार-पाच पुरेत. साक्षरता, शहरीकरण, बँक खाती, दुचाकी हे सगळे घेतले की एकच गोष्ट चार वेळा मोजली जाते आणि तिचं वजन चौपट होतं. दोन निर्देशकांचा परस्परसंबंध (ते किती सोबत वर-खाली होतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण सोबत) ०.८ च्या वर गेला तर एक काढून टाका. असा संबंध जमेस धरून अंतर मोजायची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडली. आज जगभर ते अंतर त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सुरुवातीला मात्र साधं अंतरच घ्या.

सगळं एका मापात आणा

पहिल्या वर्षी आमच्या गटाने ही पायरी गाळली आणि नकाशा पूर्ण चुकला. म्हणून ही हाताने करून दाखवतो. सहा जिल्हे, दोनच निर्देशक, २०११ ची जनगणना. आधी साक्षरतेची टक्केवारी (पूर्णांकात), मग दर चौरस किलोमीटरला माणसं:

नागपूर ८८ आणि ४७०
गोंदिया ८५ आणि २५३
यवतमाळ ८३ आणि २०४
बालाघाट ७७ आणि १८४
गडचिरोली ७४ आणि ७४
जुना अदिलाबाद ६१ आणि १७०

आता यवतमाळला जवळचं कोण, गोंदिया की अदिलाबाद? अंतर काढायची रीत शाळेतल्या पायथागोरसचीच: दोन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. यवतमाळ-अदिलाबाद: साक्षरतेत फरक २२, घनतेत ३४, अंतर सुमारे ४०.५. यवतमाळ-गोंदिया: फरक २ आणि ४९, अंतर सुमारे ४९. म्हणजे अदिलाबाद जवळ.

हे उत्तर चूक आहे. घनतेचे आकडे शेकड्यात आणि साक्षरतेचे दहाच्या घरात, म्हणून घनतेने साक्षरतेला गिळून टाकलं. साक्षरतेत २२ टक्क्यांचा फरक ही केवढी मोठी दरी आहे! शाळा, रस्ता, तीन-चार पिढ्यांचा फरक त्यात आहे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करा आणि त्याच स्तंभाच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्या मापाने, भागा. इथे साक्षरतेची सरासरी ७८ आणि विचलन ९.८ येतं, घनतेची सरासरी सुमारे २२६ आणि विचलन सुमारे १३३. आता पुन्हा मोजा. यवतमाळ-अदिलाबाद: २२ भागिले ९.८ म्हणजे २.२४, आणि ३४ भागिले १३३ म्हणजे ०.२६, अंतर २.२६. यवतमाळ-गोंदिया: ०.२० आणि ०.३७, अंतर ०.४२. चित्र उलटं झालं, गोंदिया पाचपटीहून जास्त जवळ आला. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. उत्पन्नासारखा निर्देशक, जिथे एक-दोन जिल्हे फार पुढे असतात, त्याचा आधी लॉगॅरिदम घ्या आणि मग हे करा.

जोड्या लावा

आता सगळ्या जोड्यांची अंतरं काढा आणि सर्वात जवळच्या दोघांना एकत्र बांधा. मग त्या जोडीचं बाकीच्यांपासूनचं सरासरी अंतर काढा, पुन्हा सर्वात जवळचं जोडा. आपल्या सहा जिल्ह्यांत असं घडतं. यवतमाळ आणि गोंदिया ०.४२ वर जोडले जातात. त्यांना बालाघाट ०.८० वर येऊन मिळतो. गडचिरोली १.३२ वर, अदिलाबाद १.९८ वर, आणि सर्वात शेवटी नागपूर, २.६० वर. हे कागदावर काढलं की झाडासारखी आकृती होते, तिला वृक्षालेख म्हणतात.

बघा, मध्य प्रदेशातला बालाघाट गडचिरोलीच्या आधी विदर्भातल्या दोन जिल्ह्यांना मिळाला. वैनगंगा बालाघाटातूनच गोंदिया-भंडाऱ्याकडे येते, दोन्हीकडे धान, दोन्हीकडे तळी. राज्याची सीमा इथे गटाची सीमा झाली नाही. अदिलाबादच्या बाजूला मात्र २०११ मध्ये ती झाली होती, आणि ते साक्षरतेमुळे. कापूस दोन्हीकडे होता, पण कापूस आपण मोजलाच नव्हता. निर्देशक बदलले की शेजारी बदलतात, हे विद्यार्थ्यांना या सहा ओळींतून जितकं पटतं तितकं व्याख्यानातून पटत नाही. यवतमाळ आणि गोंदिया खरंच एकसारखे आहेत का, हा प्रश्न एकाने लगेच विचारला. कापसाचा जिल्हा आणि धानाचा जिल्हा! म्हणूनच पुढच्या फेरीत पिकाखालचं क्षेत्र आणि ओलिताची टक्केवारी हे निर्देशक घ्यायचे असतात.

जिल्हे तीस-चाळीस असतील तर हाताने होणार नाही. ऑरेंज नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कोड न लिहिता हे होतं. आर किंवा पायथन येत असेल तर उत्तमच. जोडण्याच्या रीतींपैकी वॉर्डची रीत (१९६३) प्रादेशिक कामात जास्त वापरतात, कारण ती प्रत्येक गट आतून शक्य तितका एकजिनसी ठेवते. दुसरी प्रसिद्ध रीत के-मीन्स. तिला गटांची संख्या आधी सांगावी लागते आणि सुरुवात यदृच्छेने होते, म्हणून किमान २५ वेगवेगळ्या सुरुवातींनी ती चालवा. मी दोन्ही रीती चालवून बघतो. दोन्हींनी एकाच गटात टाकलेले जिल्हे मी पक्के धरतो.

गट किती, आणि धुऱ्यावर कोण

झाड कुठे कापायचं? जोडणीची अंतरं ओळीने लिहा आणि उडी कुठे मोठी होते ते पाहा. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. प्रत्येक जिल्ह्यासाठी सिल्हूट नावाचा आकडा काढता येतो, तो उणे १ ते अधिक १ मध्ये असतो. आपल्याच गटातल्यांपासूनचं सरासरी अंतर एकीकडे, सर्वात जवळच्या परक्या गटापासूनचं दुसरीकडे. दोन्हींच्या फरकाला त्यांतल्या मोठ्याने भागायचं. एकट्याच उरलेल्या जिल्ह्याचा सिल्हूट शून्य धरतात.

आपण चार गट केले असं समजा: यवतमाळ, गोंदिया, बालाघाट एकत्र, गडचिरोली, अदिलाबाद, नागपूर एकेकटे. यवतमाळचा सिल्हूट ०.६१ येतो, गोंदियाचा ०.५८. बालाघाटचा येतो ०.०९. तो धुऱ्यावर उभा आहे, अर्धा पाय गडचिरोलीच्या वावरात. अहवालात हे लिहिलंच पाहिजे. रंगवलेल्या नकाशात धुऱ्यावरचा जिल्हा आणि गटाच्या मधोमध असलेला जिल्हा सारखेच दिसतात, आणि मग कोणीतरी त्या रंगावरून निधीची मागणी करतं. मी आमच्या नकाशात ०.२ च्या खालच्या जिल्ह्यांवर आडव्या रेषा मारायला लावतो.

देशाची सीमा ओलांडताना

राज्यांच्या तुलनेत निदान रुपया एक असतो आणि आर्थिक वर्ष एक असतं. देश बदलला की तेही जातं.

भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, बांगलादेश आणि पाकिस्तानचं १ जुलैला, नेपाळचं जुलैच्या मध्याला, श्रीलंकेचं जानेवारीत. पावसावरच्या शेतीत हा फरक मोठा आहे, एकाच वर्षाच्या नावाखाली वेगवेगळे हंगाम येतात. तीन वर्षांची सरासरी घेतली की हे बरंच निवळतं.

चलनासाठी बाजारातला विनिमय दर वापरू नका. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, पण त्यावरून काठमांडूत आणि पाटण्यात पोटभर जेवण कितीला पडतं हे कळत नाही. त्यासाठी जागतिक बँकेचे क्रयशक्ती समतेचे आकडे आहेत. ते मात्र देशभराचे असतात, देशातल्या गाव-शहराचा भावफरक त्यांत येत नाही.

आणि व्याख्या वाचा, तळटीपांसकट. भारतात साक्षरता ७ वर्षांवरच्यांची मोजतात, नेपाळात ५ वर्षांवरच्यांची, पाकिस्तानात १० वर्षांवरच्यांची. भारताची हाताशी असलेली जनगणना २०११ ची, नेपाळची २०२१ ची, बांगलादेशची २०२२ ची. एक दशकाचं अंतर असलेले आकडे शेजारी ठेवले तर जे गट पडतील ते वर्षांचे पडतील.

म्हणून देशांच्या तुलनेत विश्लेषण दोनदा करा. एकदा सगळे प्रदेश एकत्र ठेवून, वर दाखवल्याप्रमाणे. दुसऱ्यांदा प्रत्येक देशाच्या आकड्यांतून त्या-त्या देशाची सरासरी वजा करून. पहिल्या वेळी गट नेमके देशांप्रमाणे पडले तर दोन कारणं शक्य आहेत: देशाची धोरणं खरंच वेगळी आहेत, किंवा मोजायची पद्धत वेगळी आहे. कोणतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्या वेळी देशांमधली एकूण दरी बाजूला होते आणि जागांची जात दिसते: राजधानीचा प्रदेश, खाणीचा प्रदेश, सीमेवरचा कोरडवाहू प्रदेश. दोन देशांतले सीमेवरचे जिल्हे आपापल्या राजधान्यांपेक्षा एकमेकांसारखे आहेत का, हे या दुसऱ्या फेरीत कळतं.

हलवून बघा

निकाल आला की एक निर्देशक काढून पुन्हा चालवा. मग तो परत घालून दुसरा काढा. नंतर नागपूर काढून चालवा, कारण एवढा वेगळा जिल्हा तक्त्यात असला की विचलन फुगतं आणि बाकीचे सगळे एकमेकांच्या जवळ दिसू लागतात. प्रत्येक वेळी कोण कोणत्या गटात गेलं ते वहीत लिहा. दहा फेऱ्यांत आठ वेळा सोबत राहिलेले जिल्हे सोबत आहेत असं छातीठोकपणे लिहा. बाकीच्यांबद्दल जपून.

हेही लक्षात ठेवा की गट पडले म्हणजे कारण सापडलं असं नाही. तेलंगणाने २०१८ पासून एकरी रोख मदत आणि शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू केली. त्यामुळे सीमेपलीकडचे तालुके वेगळ्या गटात गेले का, हे गटवारी सांगू शकत नाही. ती फक्त कुठे जाऊन विचारायचं ते दाखवते.

गटाला नाव देताना

गटांना 'प्रगत', 'मध्यम', 'मागास' अशी नावं देऊ नका. तसं केलं की इतका वेळ मोडलेली वर-खाली क्रमाची शिडी आपण पुन्हा उभी केली. गटाची सरासरी बघा आणि जे दिसतं ते लिहा: 'कोरडवाहू कापूस, कमी ओलीत, मध्यम साक्षरता', 'धान, तळी, विरळ वस्ती, जंगल', 'खाणी आणि वीज, उत्पन्न जास्त, घरातली साधनं कमी'. अशा नावावरून जिल्हा परिषदेतल्या माणसालाही कळतं की सीमेपलीकडच्या कोणाकडून काय शिकायचं आणि कोणाशी तुलना करून काही हाती लागणार नाही.

मग छापलेला नकाशा घेऊन त्या गावांत जा. आम्ही पाटणबोरीच्या चावडीत तो भिंतीला लावला, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी बोटाने नदी दाखवली आणि विचारलं, "पल्याडचे लोक चुकाऱ्याला किती दिवस थांबतात, ते मांडलं का यात?" ते मांडलेलं नव्हतं. कापूस विकल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस हा निर्देशक कुठल्याच समालोचनात नाही. यंदाच्या हंगामात विद्यार्थी दोन्ही काठांच्या वीस-वीस घरांतून तो गोळा करत आहेत, आणि तक्त्यात त्याच्यासाठी सहावा स्तंभ आखून ठेवला आहे.